खेळाच्या पानावरचा मुऱ्हाळी

मी मुळातच संशयी बाई. आमचे यजमान म्हणत, देवळात प्रसाद दिला तरी ही आधी वास घेऊन बघेल. म्हणोत बापडे. घरात एक तरी माणूस असं लागतंच. दूधवाला, रद्दीवाला, खोली भाड्यानं मागायला आलेला पोरगा, सगळ्यांना मीच पारखून घ्यायची, आणि माझं फारसं कधी चुकलं नाही. पण ज्या एका गोष्टीवर माझा जन्मात विश्वास बसला नाही, ती म्हणजे वर्तमानपत्रातलं खेळाचं पान. आजही पेपर आला की ते पान मी आधी बाजूला काढते आणि त्याच्यावर भाजी निवडते.

त्याला कारण माझा धाकटा भाऊ. आमचं माहेर जळगावजवळच्या असोद्याचं, घरची केळी आणि थोडा कापूस. भाऊ शाळेत असल्यापासून कबड्डी खेळायचा. चढाईला गेला की समोरचे सात जण त्याच्याकडे बघत राहायचे आणि हा कुणाच्या तरी अंगाला बोट लावून मध्यरेषेच्या अलीकडे परतलेला असायचा. ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल तो, तेव्हा तो जळगाव जिल्ह्याच्या संघाचा कर्णधार झाला. तोपर्यंत माझं लग्न होऊन मी धुळ्यात, देवपुरात नांदायला आले होते. म्हणजे भाऊ जळगावचा आणि मी धुळ्याची. या दोन गावांचं एकमेकांशी किती पटतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको.

आमच्या घरी धुळ्याचा पेपर सकाळी यायचा. जळगावचा पेपर यजमान शाळेतून येताना घेऊन यायचे, ते शिक्षक होते. एकाच सामन्याची बातमी मी दोन्हीकडे वाचायची. जळगावचा पेपर लिहायचा, कर्णधारानं एकहाती विजय खेचून आणला. धुळ्याचा लिहायचा, पंचांच्या कृपेनं जळगाव तरलं. दोन्ही वाचून झाल्यावर मला प्रश्न पडायचा की सामना एकच झाला की दोन. आणि बाकीचे सहा खेळाडू? त्यांच्यासाठी ठरलेलं एक वाक्य असायचं, ‘इतरांनी चांगली साथ दिली.’ पकड करताना ज्याचा दात पडला तोही इतरांतच.

मी एकदा भावाला म्हटलं, “काय रे, तुह्यासंगं अजून कोणी खेळतं का नाही?”

तो हसला. म्हणाला, “अक्का, लिहिणारे मैदानावर येतात कुठं? टपरीवर चहा पितात अन् येणाऱ्याले गुण विचारून घेतात. त्याहिले माहं एकट्याचं नाव पाठ हाये.”

तो हसला, पण मला काही हसू आलं नाही. जे लोक डोक्यावर घेतात तेच एक दिवस आपटतात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. एखादा सामना हरला की तोच जळगावचा पेपर लिहायचा, कर्णधाराची चढाई निस्तेज. तेव्हा मात्र ‘इतरांनी’ काय केलं ते कुणी लिहीत नसे. जिंकला तर ह्याच्यामुळे आणि हरला तरी ह्याच्यामुळे.

धुळ्याच्या पेपरात खेळाचं लिहिणारा वार्ताहर आमच्याच गल्लीत शेवटच्या घरात राहायचा. माझ्या सासऱ्यांशी, म्हणजे नानांशी, त्याची उठबस होती. सायकल ओट्याला टेकवून तासभर बसायचा. मी चहा द्यायची, पण दुसऱ्यांदा कधी विचारलं नाही. त्याची नजर मला आवडत नसे. बोलायचा नानांशी आणि कान स्वयंपाकघराकडे.

“वहिनी, भाऊ काय म्हणतो? गुडघ्याचं काहीतरी ऐकलं.”

“गुडघ्याला काय झालंय? दोन आहेत, दोन्ही जागेवर आहेत.”

खरं तर गुडघा दुखत होता. रात्री आई वाळूच्या पुरचुंडीनं शेकायची. पण ते मी ह्याला कशाला सांगू? भिंतीला कान असतात, आणि ह्याच्याजवळ तर लेखणीही होती.

त्या वर्षीची गोष्ट वेगळी होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर लगेच जळगावात धुळे आणि जळगाव यांचा सामना होता, आणि तो बघून राज्याच्या संघासाठी खेळाडू निवडायचे होते. राज्याच्या संघात नाव लागलं की कुठल्या तरी खात्यात खेळाडू म्हणून नोकरी मिळायची, तेव्हा तसं होतं. आमच्या आबांचं, म्हणजे वडिलांचं, एवढंच मागणं होतं की पोरगं एकदाचं नोकरीला चिकटावं. भावाला स्वतःलाही कळत होतं की पुढच्या वर्षी वय आणि गुडघा दोघंही त्याचं ऐकणार नाहीत. जे व्हायचं ते याच आखाजीला.

आणि आखाजी म्हटली की मुऱ्हाळी आलाच. आमच्याकडे सासुरवाशीण आखाजीला माहेरी जाते, झोके खेळते, आंब्याचा रस खाते. तिला न्यायला माहेरचं कुणीतरी यावं लागतं, तो मुऱ्हाळी. माझा मुऱ्हाळी दरवर्षी भाऊच. त्या वर्षी आबा म्हणाले, तुझा सराव चालू हाये, चुलतभावाले धाडू. तर हा म्हणाला, “अक्का दारात उभी राह्यते. तिले मीच पाह्यजे.” संघाकडून एका दिवसाची सुट्टी घेऊन तो सकाळच्या एसटीनं देवपुरात आला.

मी खरोखरच दारात उभी होते. लग्न होऊन किती वर्षं झाली तरी मुऱ्हाळी दिसेपर्यंत बाईच्या जिवाला चैन नसतं. तो कोपऱ्यावरून येताना किंचित लंगडताना दिसला, आणि मला बघितल्यावर नीट चालायला लागला. मला भरून आलं. मी पाणी आणायला आत गेले.

मुऱ्हाळ्याला जेवायला खापराच्या पुरणपोळ्या आणि रस. नानांचा त्याच्यावर फार जीव. नानांना तीन मुली, मुलगा एकच, आणि त्या मुलाला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यामुळे सुनेचा भाऊ खेळाडू निघाला याचं नानांना मुलाच्या नोकरीपेक्षा जास्त कौतुक. नाना अहिराणी बोलायचे आणि मी असोद्याची, माझ्या बोलण्याची ते खोडी काढायचे. “तुनी भाषा म्हंजे ना धड आम्हनी, ना पुस्तकनी,” म्हणायचे. मी म्हणायची, तुमची तरी कुठं पुस्तकात सापडते.

जेवायला नानांनी शेजारच्यांनाही बोलावलं. भिंतीला भिंत लागून जे घर होतं तिथले गृहस्थ धुळ्याच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक होते. आता शेजारी आहे, खापराच्या पोळ्या आहेत, घरात पाव्हणा आहे, तर शेजाऱ्याला बोलवायचं नाही असं आमच्याकडे होत नाही. ते आले, चांगले दोन वाट्या रस प्यायले, भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “मैदानावर भेटू, तेव्हा रस पाजणार नाही.” सगळे हसले. आणि गल्लीच्या टोकाचा तो वार्ताहरही आला, त्याला नानांनी बोलावलं की वासावर आला, मला माहीत नाही.

निघायच्या वेळी मुऱ्हाळ्याला टॉवेल-टोपी करतात. कुंकू लावायचं, डोक्यावर टोपी ठेवायची, खांद्यावर टॉवेल टाकायचा. त्यात काही नवल नाही, ज्या घरी लेक दिली त्या प्रत्येक घरी हे होतं. मी आत सांजोऱ्या बांधत होते. तेवढ्यात ओसरीत लखकन उजेड चमकला. डोकावून बघितलं तर चौकातला स्टुडिओवाला गळ्यात कॅमेरा अडकवून उभा. नाना भावाच्या डोक्यावर टोपी ठेवतायत, शेजारी प्रशिक्षक हसतायत. माझ्या मनात पाल चुकचुकली. आजवर एवढ्या आखाज्या झाल्या, कधी फोटो निघाला नाही, मग आजच का? पण एसटीची वेळ झाली होती. मी पिशवी उचलली आणि निघाले.

आखाजीच्या दिवशी असोद्यात मी झोक्यावर बसले होते. आबांचा एक ओळखीचा माणूस धुळ्याहून आला आणि त्यानं पेपर उघडून आबांपुढे धरला. तोच फोटो. वर मोठ्या अक्षरात, ‘जळगावच्या कर्णधाराचा देवपुरात सत्कार.’ खाली बारीक अक्षरात, ‘धुळे संघाच्या प्रशिक्षकांची खास उपस्थिती.’ बस. नानांचं नाव नाही, माझा उल्लेख नाही, आखाजी नाही, मुऱ्हाळी नाही. ज्याला माहीत नाही त्यानं फोटो बघितला तर त्याला वाटावं, सामन्याच्या तोंडावर ह्याला धुळ्यानं फोडला.

आणि तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी जळगावच्या पेपरात पहिल्या पानावर, ‘कर्णधार नेमका कोणाचा?’ त्या प्रश्नचिन्हाचा मला आजही राग आहे. सरळ आरोप करायची हिंमत नसली की हे लोक पुढे हा वाकडा आकडा टाकतात, म्हणजे उद्या विचारलं तर हात झटकायला मोकळे. आत लिहिलं होतं, सराव सोडून कर्णधार धुळ्यात कशासाठी गेला होता याची चर्चा शहरात सुरू आहे. चर्चा हेच सुरू करणार आणि सुरू आहे म्हणून हेच छापणार.

संघाच्या लोकांनी त्याला बोलावून विचारलं. त्यानं सांगितलं, बहिणीला आणायला गेलो होतो, तिच्या सासऱ्यानं टोपी दिली. ते म्हणाले, बरं. पण बरं म्हणताना एकानं दुसऱ्याकडे बघितलं, असं भाऊ म्हणाला. तो माझ्यापुढे बसून बुटाच्या नाड्या ओवत होता. “अक्का, इतकी वर्सं खेळून राह्यलो. कोणी असं नव्हतं पाह्यलं माह्याकडे.”

सामन्याला आबा आणि मी दोघंही गेलो. जळगावातल्या एका शाळेचं मैदान, संध्याकाळची वेळ, माती पाणी मारून बसवलेली. बायका फारशा नव्हत्या, मी पदर घेऊन एका कडेला उभी राहिले. एरवी हा मैदानात आला की शिट्ट्यांनी कान किटायचे. त्या दिवशी टाळ्या पडल्या, पण जरा थांबून पडल्या. पहिल्याच चढाईला तो रिकामा परतला आणि मागून कुणीतरी ओरडलं, “धुळ्याची टोपी दाखव रे.” मग तेच सुरू झालं. चढाईला निघाला की टोपी, परतला की टोपी. समोर धुळ्याच्या बाकावर आमचे शेजारी प्रशिक्षक मान खाली घालून बसलेले. त्यांनाही कळत होतं, पण ते तरी काय करणार. उठून याला धीर दिला असता तर लोकांनी तेवढ्यावरून अजून काही शिजवलं असतं.

मध्यंतरानंतर गर्दीतून खरोखरच एक पांढरी टोपी येऊन मैदानात पडली, नेमकी त्याच्या पायाशी. खेळ थांबला. त्यानं ती उचलली, माती झटकली, आणि गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलावर नीट ठेवून आला. आबांनी माझा हात घट्ट धरला होता.

शेवटच्या चढाईला जळगावला एक गुण हवा होता. हा आत शिरला, कोपऱ्यातल्या गड्याला पाय लावला, वळला, आणि दोघांनी त्याला कमरेत धरलं. तो दोघांना ओढत मध्यरेषेपर्यंत आला. हात लांब केला. पंचांनी बघितलं आणि त्याला बाद दिलं. मी ज्या बाजूला होते तिथून मला काही दिसलं नाही, आणि जे दिसलं असं सांगत होते त्यांनाही दिसलं नसणार. पण दुसऱ्या दिवशी पेपरात सगळ्यांना दिसलं होतं. ‘शेवटची चढाई अपुरी की मुद्दाम?’ पुन्हा आकडा होताच.

राज्यासाठीची नावं आली, त्यात त्याचं नाव नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही. आबांनी पेपर घडी करून छपरात खोचला आणि केळीत पाणी द्यायला गेले. दोन दिवसांनी भाऊ माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “अक्का, माहं बोट रेषेले लागलं व्हतं का नाही, आता मलेच आठवत नाही. लोक म्हणतात मुद्दाम. मी रात्रभर इचार करतो का खरंच मी जरासं थांबलो का काय.”

मला हे ऐकून जो संताप आला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. जगानं संशय घ्यावा, तो जगाचा धंदाच आहे. पण पोराला स्वतःवरच संशय घ्यायला लावला या लोकांनी. मी तशीच धुळ्याची एसटी धरली. फोटो पेपरात कुणी दिला हे मला शोधून काढायचं होतं.

माझा पहिला डोळा वार्ताहरावर, दुसरा शेजाऱ्यांवर. शेजाऱ्यांनी जिंकायसाठी हे केलं असेल तर रसाच्या वाटीला तरी जागायचं होतं. घरी पोचले तर वार्ताहर ओट्यावरच बसलेला, नाना खाटेवर. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

“फोटो कुणी छापायला दिला?”

तो चाचरला. “वहिनी, मी काढला नाही. तो घरूनच आला.”

“कुणाच्या घरून?”

नाना खाटेवर सरळ झाले. “मीच दिधा,” म्हणाले. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. जळगावचा पेपर यजमानांनी त्यांच्यापासून लपवून ठेवला होता. “मीच बोलावं त्या फोटोवालाले. एवढा मोठा खेळाडू आपला पाव्हणा शे, बठ्ठासले, अख्खा गावले, समजाले पाह्यजे. त्यामां काय चुकनं?”

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि हातातली पिशवी मी खाली ठेवली. म्हाताऱ्यानं कौतुकानं केलं होतं. त्यांनी फोटोबरोबर मजकूरसुद्धा सांगितला होता, ‘माझ्या सुनेचा भाऊ आखाजीचा मुऱ्हाळी म्हणून आला, त्याला टॉवेल-टोपी केली.’ मी वार्ताहराकडे बघितलं. तो म्हणाला, “तो मजकूर जरा घरगुती वाटला, वहिनी. खेळाच्या पानावर घरगुती चालत नाही. म्हणून सत्कार केलं.”

“आणि प्रशिक्षकांची खास उपस्थिती?”

“ते होतेच ना तिथं.”

खोटं एक अक्षर नव्हतं, हीच तर कमाल. खरं होतं तेवढंच छापलं आणि जे छापायला हवं होतं ते घरगुती म्हणून काढून टाकलं. मी त्याला म्हटलं, या ओट्यावर पुन्हा सायकल टेकवायची नाही. तो सायकल काढून गेला. त्याच्या मनात काही काळंबेरं होतं का, की नुसती अक्कल कमी होती, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. माझा कल पहिल्याकडेच आहे.

यजमानांनी मग नानांना सगळं सांगितलं. नानांनी जेवण टाकलं. दुसऱ्या दिवशी धोतर-कोट घालून ते एकटेच जळगावला गेले, पेपरच्या कचेरीत जाऊन बसले, आणि खुलासा छापल्याशिवाय उठत नाही म्हणाले. छापला त्यांनी. आतल्या पानावर, केळीच्या भावाखाली, चार ओळी. जळगाव शहरात तो कुणाच्याही नजरेला पडला नाही. असोद्यात मात्र अख्ख्या गावानं वाचला, कारण आमच्या गावात पेपर उघडला की सगळ्यात आधी केळीचा भाव बघतात. गावानं भावाला पुन्हा जवळ घेतलं. पारावरचे म्हातारे म्हणाले, आम्हाला माहीतच होतं. त्यांना काही माहीत नव्हतं, पण म्हणाले हे बरं झालं. निवड मात्र होऊन गेली होती, आणि निवड करणारे काही केळीवाले नव्हते.

पुढच्या आखाजीला माझा मुऱ्हाळी कोण येणार याची मी महिनाभर आधीपासून धास्ती घेतली होती. भावानं खेळ सोडला होता, शेती बघत होता. नाना रोज विचारायचे, “तोच ई ना आखाजीले?” मी म्हणायची, बघू. मनातून वाटायचं, चुलतभाऊच येईल, आणि आला तर मी काय म्हणून तोंड वर करून नानांकडे बघू.

आला. भाऊच आला. कोपऱ्यावरून येताना लंगडत होता, आणि मला बघूनही त्यानं चाल बदलली नाही. मी पाणी दिलं, नानांच्या तो पाया पडला, जेवण झालं. शेजाऱ्यांना आम्ही बोलावलं नाही, त्यांनीही बोलावण्याची अपेक्षा धरली नव्हती. निघायच्या वेळी नाना नवी टोपी आणि टॉवेल घेऊन ओसरीत आले. भाऊ पाटावर बसला होता. त्यानं एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा शेजारच्या खिडकीकडे, आणि हळूच मला म्हणाला, “अक्का, आधी दार लोट.”

देवपुरात वैशाखात दिवसा कुणी दार लावत नाही, जीव उकडून जातो. मी दार लोटलं, खिडकीही ओढून घेतली. भर दुपारी आमच्या ओसरीत दिवा लावावा लागला, तेव्हा कुठे नानांना टोपी ठेवायला त्याचं डोकं दिसलं.